जिनिंगची डब्ल्यूसी पॉलिसी: हंगाम सहा महिन्यांचा, प्रीमियम बारा महिन्यांचा. जास्तीचे पैसे परत कसे काढायचे?

दिवाणजी_हिंगणघाट · ११ ऑक्टोबर २०२५

हिंगणघाट तालुक्यात जिनिंग-प्रेसिंग आहे. कामगारांची डब्ल्यूसी (कामावरच्या अपघाताची भरपाई देणारी) पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ ते ३० सप्टेंबर २०२५ अशी होती, आता संपली. नूतनीकरणाचा कागद आला म्हणून मागचं शेड्यूल (पॉलिसीसोबतचा तक्ता) काढून पाहिलं तर आकडे काही जमून नाही राहिले. शेड्यूलमध्ये असं आहे:

जिनिंग व प्रेस कामगार ४६ × १३,००० × १२ = ७१,७६,०००
हमाल १४ × १२,००० × १२ = २०,१६,०००
ऑफिस ४ × १६,००० × १२ = ७,६८,०००
ड्रायव्हर २ × १४,००० × १२ = ३,३६,०००

एकूण मजुरी १,०२,९६,०००. सगळ्यांना एकच दर, हजारी ११ रुपये. प्रीमियम १,१३,२५६, त्यावर १८ टक्के जीएसटी २०,३८६, मिळून १,३३,६४२.

आता हजेरीपट पाहा. नोव्हेंबर २८ माणसं, डिसेंबर ४६, जानेवारी ४६, फेब्रुवारी ४४, मार्च ३०, एप्रिल १२. बाकीचे सहा महिने फिटर, त्याचा हेल्पर आणि तीन चौकीदार, असे पाचच. हमाल ठेकेदाराचे आहेत, त्याला वर्षाचं बिल ५,४०,००० दिलं. ऑफिसचे चौघे बाराही महिने असतात, त्यातला एक स्वतः भागीदार आहे. दोन्ही ड्रायव्हरना मिळून २,४०,०००.

एजंट म्हणतो, पॉलिसी संपली, वर्षात क्लेम नाही, आता काही परत मिळत नसते. खरं आहे का? आणि मागच्या दोन-तीन वर्षांचंही असंच झालं असेल तर त्याचं काय?

---

विम्याचा_हिशोब · ११ ऑक्टोबर २०२५

खरं नाही. क्लेम झाला की नाही याचा इथे संबंधच नाही. डब्ल्यूसीचा सुरुवातीचा प्रीमियम हा अंदाजावर घेतलेला ॲडव्हान्स असतो. वर्षात प्रत्यक्ष किती मजुरी दिली त्यावर पक्का प्रीमियम ठरतो. पॉलिसीच्या अटींत एक अट हमखास सापडेल: कामगारांची नावं आणि मजुरी नोंदवहीत ठेवायची, आणि मुदत संपल्यापासून एक महिन्याच्या आत प्रत्यक्ष दिलेल्या मजुरीचा हिशोब कंपनीला द्यायचा. फरक निघाला तर एक तर तुम्ही जास्तीचे भरायचे, नाही तर कंपनीने परत करायचे. अट दोन्ही बाजूंना लागू आहे, पण कमी भरलं असेल तरच ती कोणाला आठवते.

तुमचा महिना ३१ ऑक्टोबरला संपतो, आणि मध्ये दिवाळी आहे. २०-२१ तारखेच्या आसपास ना शाखेत कोणी सापडेल ना सीएकडे. दिवाळीआधीच अर्ज टाका.

हिशोब करू.

जिनिंग-प्रेस: २८+४६+४६+४४+३०+१२ = २०६ मनुष्यमहिने. त्यात ५ माणसं × ६ महिने = ३० मिळवा, झाले २३६. गुणिले १३,००० म्हणजे ३०,६८,०००. तुमच्याकडून घेतले ५५२ मनुष्यमहिन्यांचे. मुख्य गळती इथेच आहे.
हमाल ५,४०,०००. ऑफिस ७,६८,०००. ड्रायव्हर २,४०,०००.
बेरीज ४६,१६,०००.
हजारी ११ ने प्रीमियम ५०,७७६.
भरलेला १,१३,२५६. फरक ६२,४८०, वर जीएसटी ११,२४६.

१३,००० ही मी सरासरी धरली आहे. अर्जात सरासरी चालणार नाही, वेतन नोंदवहीची महिनावार बेरीज द्या. प्रेसवाल्यांना गाठीमागे पैसे देत असाल तर जे दिलं तेच लिहायचं, मग १७० किलोच्या गाठी किती पडल्या ते कंपनीने विचारलं तरी मेळ बसतो.

मजुरीत काय धरायचं यावर गंज घोळ होतो. मूळ पगार, महागाई भत्ता, ओव्हरटाइम, गाठीवरची मजुरी, हे सगळं धरायचं. बाहेरगावच्या कामगारांना आवारात फुकट खोली किंवा धान्य देत असाल तर पैशात मोजता येईल अशी सवलत म्हणून १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या व्याख्येत तीही मजुरीच आहे. धरायचं नाही ते हे: मालकाच्या वाट्याचा पीएफ, प्रवासभत्ता, आणि कामाच्या स्वरूपामुळे होणाऱ्या खास खर्चापोटी दिलेले पैसे. टॅलीत 'मजुरी खर्च' या एकाच खात्यात मालकाचा पीएफही पडत असेल तर आधी तो वेगळा काढा. तिथेही वर्षानुवर्षं प्रीमियम जात असतो आणि कोणी पाहत नाही.

आता वाईट बातमी. बहुतेक पॉलिसीत परतावा देताना कंपनी ठरावीक किमान प्रीमियम ठेवून घेते. तुमच्या कागदात तो किती आहे ते आधी वाचा. आकडा कधी शेड्यूलच्या तळाशी असतो, कधी जोडपत्रात. तो कळल्याशिवाय ६२,४८० मिळतील असं मालकांना सांगू नका.

---

गाठी_१७० · ११ ऑक्टोबर २०२५

एवढी कटकट कशाला करता भाऊ. पुढच्या वर्षी माणशी १०,००० दाखवा, प्रीमियम आपोआप उतरते. इकडे सगळे असंच करून राहिले. क्लेम वर्षानुवर्षं होत नाही.

---

कामगार_कायदा_वर्धा · १२ ऑक्टोबर २०२५

गाठीभाऊ, हा सल्ला किती स्वस्त पडतो ते आकड्यात पाहू.

जिनिंगच्या हंगामातले २०६ मनुष्यमहिने, प्रत्येकी ३,००० कमी दाखवले, म्हणजे ६,१८,००० मजुरी लपली. हजारी ११ ने वाचले ६,७९८ रुपये.

आता रोलरवर किंवा प्रेसमध्ये ३० वर्षांचा कामगार गेला असं धरा. भरपाई म्हणजे महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणांक. ३० वर्षांना गुणांक २०७.९८. खरी मजुरी १३,०००, म्हणून ६,५०० × २०७.९८ = १३,५१,८७०. भरपाई आयुक्तांसमोर खरी मजुरीच सिद्ध होते, साक्षीला सोबतचे कामगार असतात. कंपनी मात्र म्हणेल, तुम्ही १०,००० वर प्रीमियम भरला, आम्ही त्याच प्रमाणात देऊ: १०,३९,९००. उरलेले ३,११,९७० मालकाच्या खिशातून. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५० ऐवजी ६० टक्के धरतात, म्हणजे आकडा आणखी वाढतो. रक्कम एका महिन्यात जमा झाली नाही तर १२ टक्के व्याज, आणि योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. दंड कंपनी भरत नाही.

वर किमान वेतनापेक्षा कमी मजुरी आपल्याच सहीने लिहून देणं, म्हणजे कामगार अधिकाऱ्याच्या हाती आयता कागद.

आणखी एक गैरसमज याच्याच शेजारी राहतो. भरपाईच्या गणितात मजुरीची कमाल मर्यादा १५,००० आहे (३ जानेवारी २०२० पासून, त्याआधी ८,००० होती). म्हणून काही जण २२,००० पगाराच्या फिटरलाही १५,००० च लिहितात. मर्यादा भरपाई मोजण्यासाठी आहे. पॉलिसीची अट प्रत्यक्ष दिलेल्या मजुरीची आहे. कंपनीने लेखी मान्य केल्याशिवाय तसं करू नये.

---

दिवाणजी_हिंगणघाट · १२ ऑक्टोबर २०२५

दोघांचे आभार. कागद पाहिला. जोडपत्रात आहे: परतावा देताना कंपनी भरलेल्या प्रीमियमच्या किमान ५० टक्के ठेवून घेईल.

तीन गोष्टी आणखी. (१) हमालांच्या ठेकेदाराकडे त्याची स्वतःची डब्ल्यूसी पॉलिसी आहे म्हणतो. मग आपण का भरायचं? (२) आवारातच सरकीच्या तेलाची मिल टाकायचा मालकांचा विचार आहे, नऊ-दहा माणसं लागतील. (३) भागीदार आणि ड्रायव्हर यादीत राहू द्यायचे का?

---

विम्याचा_हिशोब · १२ ऑक्टोबर २०२५

५० टक्के म्हणजे कंपनी ५६,६२८ ठेवणार. तुमचा खरा प्रीमियम ५०,७७६ त्याच्या खाली गेला, म्हणून परतावा ६२,४८० नाही, ५६,६२८ च मिळेल. ५,८५२ गेले समजा.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. भागीदार आणि हमाल काढले तर खरी मजुरी ३८,८४,००० आणि प्रीमियम ४२,७२४ वर येतो. पण या वर्षासाठी त्यावर शाखेशी भांडून एक रुपयाही जास्त मिळणार नाही, कारण तळ आधीच लागला आहे. अर्ज साधा ठेवा, वादाचे मुद्दे त्यात आणू नका. ते नूतनीकरणात निस्तरायचे.

अर्जाला जोडायचं ते असं: पॉलिसी आणि शेड्यूलची प्रत. वर्गवार आणि महिनावार तक्ता, माणसं किती आणि मजुरी किती. हजेरीपट व वेतन नोंदवहीच्या प्रती. टॅलीतल्या पगार, मजुरी आणि हमाली खात्यांची प्रिंट, नेमकी १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. पीएफचे महिन्याचे ईसीआर, म्हणजे ऑनलाइन भरलेली विवरणं. सीएचं प्रमाणपत्र, त्यावर यूडीआयएन (प्रमाणपत्राचा ओळखक्रमांक) हवा. रद्द केलेला चेक. वर एक पानाचं पत्र, त्यात अटीचा क्रमांक आणि मागितलेली रक्कम.

अर्ज अडकतो तो बहुतेक दोन ठिकाणी. पहिलं, खात्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च आणि पॉलिसीचं ऑक्टोबर ते सप्टेंबर. सीए ताळेबंदातला आकडा उचलून देतो, तो तक्त्याशी जुळत नाही, आणि कागद परत येतो. प्रमाणपत्रात पॉलिसीच्या तारखा शब्दशः लिहून घ्या. दुसरं, हमालीची व्हाउचरं. नाव नाही, माणसं किती ते नाही, नुसतं 'हमाली ८,४००'. कंपनीचा माणूस वह्या पाहायला आला (अटीप्रमाणे तो येऊ शकतो) तर अशी सगळी रक्कम तो सगळ्यात महागड्या वर्गात टाकतो, आणि त्याला चूक म्हणता येत नाही.

पत्र शाखेच्या मेलवर पाठवा आणि कागदी प्रतीवर आवक शिक्का घ्या. एजंटच्या हाती देऊ नका. त्याचं कमिशन प्रीमियमवर असतं, परतावा झाला की कमिशनही मागे जातं. त्याने पत्र खिशात ठेवलं आणि ३१ तारीख उलटली तर कोणाला दोष द्याल?

मागच्या वर्षांचं: त्या वर्षांचा हिशोब महिन्याच्या आत दिला नसेल तर कंपनी मुदतीवर बोट ठेवेल. तरी वेगळ्या पत्राने मागा, सोबत त्या वर्षांचे हजेरीपट जोडा. पण या वर्षाच्या अर्जात ते मिसळू नका, नाही तर हक्काचं पत्रही 'वरिष्ठांच्या विचारार्थ' म्हणून पडून राहील.

---

कामगार_कायदा_वर्धा · १२ ऑक्टोबर २०२५

तुमच्या तीन प्रश्नांचं.

हमाल. भरपाई कायद्याच्या कलम १२ प्रमाणे तुमच्या धंद्याचं काम ठेकेदारामार्फत करून घेता तेव्हा त्याच्या माणसाची भरपाई तुमच्याकडूनही मागता येते. मग तुम्ही ती ठेकेदाराकडून वसूल करायची, तो सापडला तर. त्यामुळे 'त्याच्याकडे पॉलिसी आहे म्हणतो' एवढ्यावर नाव काढू नका. पॉलिसीची प्रत मागा आणि चार गोष्टी पाहा: मुदत पूर्ण हंगाम झाकते का, माणसं १४ आहेत की कागदावर ५, काम 'गाठी व कापूस चढ-उतार' असं लिहिलं आहे की नुसतं 'लेबर सप्लाय', आणि जागा म्हणून तुमची फॅक्टरी आहे का. चारही बरोबर असेल तर तुमच्या पॉलिसीतून हमाल काढा, प्रत फाइलला लावा, आणि ठेक्याच्या करारात 'पॉलिसी चालू नसेल तर बिलातून प्रीमियम कापू' असं घाला. एक जरी बरोबर नसेल तर ठेवा. १४ हमालांचे ५,४०,००० वर हजारी ११ ने ५,९४० रुपये होतात, त्यासाठी दहा-पंधरा लाखांची जोखीम घेऊ नये.

ठेवायचेच असतील तर बिलात मजुरी आणि ठेकेदाराचं कमिशन वेगळं दाखवायला सांगा. कमिशनवर प्रीमियम भरायची गरज नाही. हमाल माथाडी मंडळात नोंदलेले असतील तर मंडळाकडे भरायच्या लेव्हीत अपघात भरपाईचा भाग आहे का, ते मंडळाकडून लेखी घ्या. मग ठरवा.

तेल मिल. हा प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे. जिनिंगला ईएसआयसी (कामगार राज्य विमा) लागत नाही, कारण निव्वळ कापूस जिनिंग आणि प्रेसिंग करणारा कारखाना ईएसआय कायद्यात 'हंगामी कारखाना' धरला आहे आणि हंगामी कारखाने कायद्याबाहेर आहेत. सगळा जोर 'निव्वळ' वर आहे. त्याच आवारात, त्याच परवान्यावर तेलाची मिल सुरू झाली की कारखाना निव्वळ जिनिंगचा राहिला असं म्हणणं अवघड जातं. दहा किंवा जास्त माणसं असतील तर नोंदणीचा प्रश्न उभा राहणारच. मिल सुरू व्हायच्या आधी ईएसआयसीच्या कार्यालयाला लेखी विचारून घ्या. २०२५ मध्ये ईएसआयसीची स्प्री ही नोंदणी योजना होती, तीत स्वतःहून नोंदणी करणाऱ्याच्या मागच्या काळात शिरत नसत.

नोंदणी झालीच, तर २१,००० पर्यंत पगाराचे कामगार ईएसआयसीत जातात आणि त्यांना त्याच इजेसाठी भरपाई कायद्याखाली वेगळा दावा करता येत नाही (ईएसआय कायदा, कलम ५३). त्यानंतरही डब्ल्यूसीत त्यांची नावं ठेवून प्रीमियम भरणं म्हणजे दोनदा भरणं. बुटीबोरी-हिंगणासारख्या एमआयडीसीतल्या युनिटांत जास्तीचा प्रीमियम शोधायचा असेल तर पहिल्यांदा हीच जागा पाहावी: ईएसआयसीच्या यादीला डब्ल्यूसीची यादी लावून बघायची. २१,००० च्या वरचे तेवढे डब्ल्यूसीत ठेवायचे. पण प्रीमियम वाचतो म्हणून ईएसआयसीत जातो, असं कोणी म्हणू नये. तिथे मालकाचे ३.२५ टक्के जातात, इथे तुमचे १.१ टक्के जातात.

भागीदार, ड्रायव्हर. भागीदार कर्मचारी नाही. त्याला अपघात झाला तर ही पॉलिसी काही देणार नाही, म्हणून त्याच्या १,९२,००० वर भरलेले २,११२ वाया गेले. नूतनीकरणात नाव काढा, त्याच्यासाठी वैयक्तिक अपघात विमा वेगळा घ्या. मालकाचा मुलगा, भाचा खरोखर पगारपत्रकावर असेल तर तो कर्मचारी, त्याला काढू नका.

ड्रायव्हरसाठी गाडीच्या विम्यात पगारी ड्रायव्हर-क्लीनरची जबाबदारी माणशी ५० रुपयांत घेता येते. पण ती गाडीच्या वापरातून झालेल्या अपघातापुरती. तुमचा ड्रायव्हर गाडी लावून गंजीवर कापूस दाबायला चढत असेल, आणि हंगामात चढतोच, तर त्याला डब्ल्यूसीतच राहू द्या.

---

गाठी_१७० · १२ ऑक्टोबर २०२५

ठीक आहे बाप्पा, १०,००० चं मागे घेतो. पण मग हंगामापुरती सहा महिन्यांची पॉलिसी घेतली तर? ना अंदाज, ना परतावा.

---

विम्याचा_हिशोब · १३ ऑक्टोबर २०२५

तिथेही फसाल. अल्प मुदतीच्या पॉलिसीला अल्प मुदतीचे दर लागतात, ते दिवसांच्या हिशोबाने नसतात, चढे असतात. आणि मेमध्ये छपराचे पत्रे बदलताना, ऑगस्टमध्ये रोलर काढताना फिटर पडला तर विमाच नाही. रोलर, बेल्ट, प्रेसचं हायड्रॉलिक हे सगळं बंद हंगामातच खोललं जातं. प्रीमियम दिवसांवर नसून मजुरीवर असल्याने वर्षाच्या पॉलिसीत बंद महिन्यांचा भार पाच माणसांपुरताच येतो. वर्षाची पॉलिसीच घ्या, फक्त सुरुवातीचा अंदाज खरा द्या.

हा अंदाज कसा लिहून घ्यायचा त्याला जरा कौशल्य लागतं. शाखेतल्या संगणकात 'माणसं × महिन्याची मजुरी × १२' एवढाच रकाना असतो. तिथे ४६ भरले की पुन्हा तेच ७१,७६,०००. मग कोणीतरी शहाणपणा करून सरासरी काढतो: २३६ भागिले १२ म्हणजे साडेएकोणीसच्या वर, चला २० लिहा. प्रीमियम बरोबर येतो, पण जानेवारीत अपघात झाला आणि कामावर ४६ निघाले की कंपनी म्हणते विमा २० जणांचाच होता. सर्वांत वाईट गोची हीच.

म्हणून प्रस्तावासोबत महिनावार तक्ता जोडा आणि शेड्यूलमध्ये किंवा एंडोर्समेंटने (पॉलिसीला जोडायच्या बदलाच्या कागदाने) अशी ओळ घालायला लावा: 'हंगामी कारखाना. कोणत्याही वेळी कमाल जिनिंग-प्रेस कामगार ४६. त्यांची वर्षाची अंदाजे एकूण मजुरी ३०,६८,०००. प्रीमियम प्रत्यक्ष मजुरीवर समायोजित.' शाखा नाही म्हणाली तर विभागीय कार्यालयात जोखीम व दर ठरवणाऱ्या अंडररायटरकडे मेल टाका, तो करू शकतो. तरीही नाही झालं तर दुसरीकडून दर मागवा. २००७ पासून डब्ल्यूसीचे दर खुले आहेत, एकाच धंद्याला दोन कंपन्यांचे दर सारखे असतीलच असं नाही.

सीसीआयचं (भारतीय कपास निगमचं) काम आलं, दुसरी पाळी सुरू झाली आणि माणसं ४६ वरून ७० वर गेली, तर त्याच दिवशी मेल करून एंडोर्समेंट मागायची. सप्टेंबरच्या हिशोबात दाखवू म्हणून थांबायचं नाही.

दुसरं, ऑफिस वेगळ्या वर्गात टाका. कारकुनी कामाचा दर यंत्रावरच्या कामापेक्षा बराच कमी असतो. समजा हजारी ३ मिळाला, तर भागीदार काढून उरलेल्या तिघांच्या ५,७६,००० वर ६,३३६ ऐवजी १,७२८ लागतील. अट एवढीच की कारकून कारकूनच असला पाहिजे. काट्यावर बसणारा ठीक. प्रेसजवळ उभा राहून गाठींवर नंबर टाकणारा कारखान्याच्या वर्गातच हवा. संपलेल्या वर्षाचा वर्ग मात्र आता बदलून मिळणार नाही, तो दर तुम्ही सही करून मान्य केला होता.

---

सीए_यवतमाळ · १३ ऑक्टोबर २०२५

जीएसटीचा भाग राहून गेला.

तुमच्या प्रीमियमचं बीजक ऑक्टोबर २०२४ चं, म्हणजे आर्थिक वर्ष २०२४-२५ चं. त्या वर्षाच्या बीजकावर कर कमी करणारी क्रेडिट नोट कंपनीला ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंतच दाखवता येते (सीजीएसटी कायदा, कलम ३४). नंतर काढली तर बहुतेक कंपन्या प्रीमियम परत देतात आणि जीएसटी सोडून देतात. १ ऑक्टोबरला सुरू होणाऱ्या पॉलिसीला हा जाच जास्त, कारण हिशोब ऑक्टोबरअखेर आणि क्रेडिट नोट नोव्हेंबरअखेर. अर्जातच लिहा: 'क्रेडिट नोट ३० नोव्हेंबरपूर्वी द्यावी.'

पण आधी पाहा, २०,३८६ चं इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं होतं का. बहुतेक जिनिंगवाले घेतात. घेतलं असेल तर क्रेडिट नोट आली की तेवढं क्रेडिट उलटवावं लागेल. ५६,६२८ वर जीएसटी १०,१९३ होतो. तो एका हाताने आला आणि दुसऱ्या हाताने गेला. म्हणून मालकांना सांगताना ५६,६२८ च सांगा. क्रेडिट घेतलं नसेल तर ६६,८२१.

आलेला परतावा खात्यात विमा खर्च कमी करून दाखवा. मार्च २०२५ चा ताळेबंद झालेला असल्याने तो चालू वर्षात येईल.

कोणी विचारण्याआधीच सांगतो: २२ सप्टेंबरपासून जीएसटी माफ झाला तो वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावर. डब्ल्यूसीवर १८ टक्के आहेच.

---

दिवाणजी_हिंगणघाट · १७ ऑक्टोबर २०२५

अर्ज दिला, शिक्का घेतला. शाखेतले साहेब म्हणतात, 'असे परतावे आम्ही देत नाही, वरून मंजुरी येत नाही.' लेखी द्यायला तयार नाहीत. आता?

---

कामगार_कायदा_वर्धा · १७ ऑक्टोबर २०२५

तोंडी नकाराला किंमत नाही. आवक शिक्क्याने तुमची एक महिन्याची अट पाळली गेली, तेच महत्त्वाचं.

आता कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा, पत्ता पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर असतो. दोन आठवड्यांत समाधान झालं नाही तर आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवा, किंवा १५५२५५ वर फोन करा. तक्रारीत दुःख लिहू नका. अटीचा क्रमांक, भरलेली रक्कम, प्रत्यक्ष मजुरी, किमान प्रीमियम वजा जाता येणं किती, अर्जाची तारीख. पाच ओळी. पोर्टलवर क्रमांक पडला की शाखेची भाषा बदलते.

विमा लोकपालाकडे जाता येतं, खर्चही नाही, पण सगळ्यांना नाही. धंद्याच्या पॉलिसींपैकी एकल मालकी आणि सूक्ष्म उद्योग यांच्याच तक्रारी तिथे घेतात. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म म्हणजे यंत्रांतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत. रुईच्या भावात जिनिंगची उलाढाल १० कोटी कधी ओलांडते ते कळतही नाही. तुमची भागीदारी आहे, म्हणून उद्यम प्रमाणपत्रावर 'सूक्ष्म' आहे का ते पाहा. डाळ मिल, वीटभट्टी, गिट्टी क्रशरवाले हे वाचत असतील तर त्यांच्यातले बरेच बसतील. विदर्भाचं काम पुण्याच्या लोकपालाकडे जातं. कंपनीने नाकारल्यापासून, किंवा तक्रारीला महिनाभर उत्तरच आलं नाही तर त्यानंतर, एका वर्षाच्या आत जायचं.

नाही बसलात तर वर्ध्याचा जिल्हा ग्राहक आयोग. 'धंद्याने घेतलेली पॉलिसी, तुम्ही ग्राहक नाही' असा बचाव कंपनी करेल. सर्वोच्च न्यायालयाने हरसोलिया मोटर्सच्या निकालात (२०२३) सांगितलं आहे की विमा हा नुकसान भरून काढण्याचा करार आहे, धंद्याने तो घेतला एवढ्याने तो नफ्याच्या हेतूचा ठरत नाही. मुदत दोन वर्षं. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून भरता येते.

५६,००० साठी वकील लावावा का, हा हिशोब तुमचा. बहुतेक प्रकरणं बीमा भरोसाच्या पुढे जात नाहीत.

---

दिवाणजी_हिंगणघाट · २९ नोव्हेंबर २०२५

पोर्टलवर तक्रार टाकल्यावर परवा क्रेडिट नोट आली, ५६,६२८ अधिक जीएसटी. नवीन पॉलिसीत 'कमाल ४६, अंदाजे मजुरी ३०,६८,०००' ही ओळही घेतली, ऑफिस वेगळं केलं. आता पेपरात वाचलं की नवीन कामगार संहिता लागू झाली. पॉलिसी ऑक्टोबरपासूनची आहे, तिचं काय करायचं?

---

कामगार_कायदा_वर्धा · ३० नोव्हेंबर २०२५

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, १९२३ चा भरपाई कायदा आणि ईएसआय कायदा दोन्ही तिच्यात गेले. हंगामी कारखाना ईएसआयबाहेर, हे तत्त्व तिच्यातही आहे.

कंपनीला दोन ओळींचा मेल टाका: आमच्या पॉलिसीतला '१९२३ चा कायदा' हा उल्लेख संहितेतल्या कर्मचारी भरपाईच्या प्रकरणालाही लागू आहे, असं एंडोर्समेंट द्या. घर ते काम या वाटेवरचा अपघातही, कामाशी संबंध दिसत असेल तर, संहितेत भरपाईत बसतो. तुमच्या गाडीने गावोगावचे कामगार आणत असाल तर हे मुद्दाम विचारा, आणि वेगळा प्रीमियम मागितला तर तो कशावर लावला ते लेखी घ्या.

मजुरीची व्याख्याही बदलली. घरभाडे भत्ता, प्रवासभत्ता, ओव्हरटाइम, बोनस बाहेर, पण बाहेर काढलेली रक्कम एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांवर गेली तर जास्तीची पुन्हा आत. म्हणून पुढच्या सप्टेंबरचा हिशोब ओव्हरटाइम वगळून द्यायचा, असं आत्ताच धरून चालू नका. तुमच्या पॉलिसीची अट अजून 'मजुरी, पगार आणि इतर कमाई' अशी असेल तर ओव्हरटाइम तिच्यात येतो. वेतन नोंदवहीत ओव्हरटाइमचा रकाना या महिन्यापासून वेगळा ठेवा, म्हणजे कंपनी जी व्याख्या लावेल तिचा आकडा काढता येईल.